रायफल, शिकारी : अचूकता व दोषशोधन

एकाच नेमबिंदूवर, एकाच स्थितीत नेम धरून झाडलेल्या गोळ्या लक्ष्यफलकावर एकमेकींच्या किती जवळ पडतात, यावरून रायफलीची अचूकता ठरवितात. नव्या शिकारी रायफलीच्या गोळ्या अपेक्षेपेक्षा अधिक विखुरल्या जात असतील, तर त्यामागील कारण क्रमाक्रमाने शोधून ते दूर करण्याच्या प्रक्रियेस दोषशोधन म्हणतात. असा दोष नळीत असतो असा सर्वसाधारण समज आहे. तथापि अनुभव असा, की पुष्कळदा तो सैल स्क्रू, अयोग्य रीतीने बसविलेली दुर्बीण, न मानवणारे काडतूस किंवा नेमबाजाचा स्वतःचा हात यांपैकी कशात तरी आढळतो.

प्रारंभीच दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक आहे. गोळ्या एकमेकींच्या जवळ, परंतु नेमबिंदूपासून दूर पडत असतील, तर तो रायफलीचा दोष नव्हे; दुर्बीण वा माशी योग्य त्या दिशेने सरकवून गोळीसमूह नेमबिंदूवर आणता येतो. याला नेमजुळणी म्हणतात. याउलट गोळ्या नेमबिंदूभोवती, पण दूरदूर विखुरलेल्या असतील, तर दुर्बिणीची कितीही जुळणी केली, तरी उपयोग होत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या दोषाचा विचार केला आहे.

महत्त्व : लक्ष्यवेधाच्या स्पर्धेत गोळी चुकली, तर गुण कमी होतात, शिकारीत ती चुकली, तर जनावर जखमी होऊन निसटते व त्याला दीर्घकाळ यातना भोगाव्या लागतात. मध्यम आकाराच्या हरणाचे हृदय व फुप्फुसे यांनी व्यापलेले क्षेत्र सु. २० सेंमी. व्यासाचे धरतात. गोळी या क्षेत्राबाहेर लागणे म्हणजे बहुधा जनावर जायबंदी होणे होय. जखमी हिंस्र श्वापदाच्या बाबतीत ही चूक माणसांनाही भोवते. कुमाऊँ प्रदेशातील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने नेपाळ व कुमाऊँ मिळून ४३६ बळी घेतल्याचे सांगितले जाते. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली तिला ठार केले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. कोणा शिकाऱ्याची जुनी गोळी त्यास कारणीभूत झाली होती आणि त्यामुळे नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य होऊन ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. अचूकता हा केवळ हौसेचा विषय नाही, हे यावरून स्पष्ट होते.

मापन : गोळ्यांचा विखुरलेपणा कोनात मोजण्याची पद्धत आहे. त्यासाठी मिनिट (अंशाचा ६० वा भाग) हे एकक वापरतात. एका मिनिटाचा कोन १०० मी. अंतरावर सु. २.९ सेंमी. आणि १०० यार्डांवर सु. १.०५ इंच एवढे अंतर व्यापतो. गोळीसमूहातील परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर मोजून त्यावरून समूहाचा आकार काढतात. सर्वसाधारण शिकारी रायफलीचा समूह १ ते २ मिनिटांचा असेल, तर ती समाधानकारक मानतात. २ मिनिटांची रायफल २०० मी. अंतरावर सु. १२ सेंमी.चा समूह देते. तो हरणाच्या मर्मक्षेत्रात सहज मावतो. ५ मिनिटांच्या रायफलीचा समूह त्याच अंतरावर २९ सेंमी.चा होतो, म्हणजे नेम बिनचूक असूनही काही गोळ्या मर्मक्षेत्राबाहेर जातात. असे हत्यार दुरुस्त होईपर्यंत शिकारीस अयोग्य होय.

समूहाचा आकार गोळ्यांच्या संख्येवरही अवलंबून असतो. रायफल तीच, काडतुसे तीच असली, तरी पाच गोळ्यांचा समूह तीन गोळ्यांच्या समूहापेक्षा सरासरीने सव्वापट, तर दहा गोळ्यांचा समूह सु. दीडपटीहून थोडा अधिक मोठा भरतो. शिवाय तीन गोळ्यांचे एकापाठोपाठ झाडलेले दोन समूह निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दुप्पट वा निमपट असू शकतात. म्हणून एखाद्या लहान समूहावरून रायफल उत्तम ठरविणे किंवा एखाद्या मोठ्या समूहावरून ती सदोष ठरविणे, हे दोन्ही चुकीचे आहे. पाच पाच गोळ्यांचे निदान तीनचार समूह घेऊन त्यांची सरासरी काढावी. वाईट समूह ‘चुकून झाला’ म्हणून टाकून देण्याचा मोह टाळणे हे दोषशोधनाचे पहिले पथ्य होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रायफल स्वतः किती अचूक आहे आणि नेमबाज किती अचूक आहे, हे वेगळे करण्याचा प्रयत्न जुना आहे. इंग्लंडमध्ये विंबल्डन येथे १८६० साली राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धांचे उद्‌घाटन व्हिक्टोरिया राणीने केले. त्यावेळी जोसेफ व्हिटवर्थ यांनी बनविलेली रायफल यांत्रिक आधारावर घट्ट बसविली होती व राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवरील लक्ष्यावर गोळी मध्यबिंदूपासून सु. सव्वा इंचावर लागली. पुढे अमेरिकेतील फ्रँक्लिन मान यांनी काँक्रीटच्या भक्कम आधारावर नळ्या बसवून अनेक वर्षे प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळीच्या तळाची सदोषता व नळीच्या मुखाची स्थिती यांचा गोळीच्या मार्गावर मोठा परिणाम होतो, हे या प्रयोगांवरून दिसून आले. एका वेळी एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवणे, ही मान यांची पद्धत आजही दोषशोधनाचा पाया आहे.

दोषांची बेरीज : रायफल, काडतूस, दुर्बीण व नेमबाज यांचे दोष परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. उदा., नेमबाजाचा वाटा २ मिनिटे, रायफलीचा १ मिनिट व काडतुसाचा १ मिनिट असेल, तर एकूण विखुरलेपणा सु. २.४५ मिनिटे होईल. मोठा खर्च करून रायफलीचा दोष निम्म्यावर आणला, तरी एकूण आकडा २.२९ मिनिटांपर्यंतच उतरतो. याउलट सरावाने नेमबाजाचा दोष निम्मा झाला, तर तो १.७३ मिनिटांवर येतो. सर्वांत मोठा दोष प्रथम शोधावा व लहान दोषांमागे नंतर लागावे, हे सूत्र यावरून निघते.

प्राथमिक तपासणी : कोणतीही तपासणी करण्यापूर्वी बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून घेतात आणि काडतुसे तेथून दूर ठेवतात. कारखान्यातून येणाऱ्या रायफलीच्या नळीत गंज टाळण्यासाठी तेल वा वंगण लावलेले असते. ते न पुसता गोळी झाडल्यास पहिल्या काही गोळ्या भरकटतात. नळीत चिंधी किंवा अन्य अडथळा राहिला असल्यास नळी फुटण्याचाही धोका असतो. नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव व पेटीवरील नाव तंतोतंत एकच आहे, हे ताडून पाहावे. आकाराने जवळचे असलेले परंतु भिन्न काडतूस वापरणे अत्यंत धोक्याचे असते.

स्क्रू व दुर्बीण : नव्या रायफलीत आढळणाऱ्या दोषांपैकी सर्वांत सामान्य व सर्वांत स्वस्तात दूर होणारा दोष म्हणजे सैल स्क्रू. दुर्बिणीची बैठक रिसीव्हरवर स्क्रूंनी बसविलेली असते व त्या बैठकीवर कड्यांच्या साहाय्याने दुर्बीण धरलेली असते. बैठकीच्या स्क्रूंवर तेल राहिले असेल किंवा ते पुरेसे आवळलेले नसतील, तर प्रत्येक धक्क्याबरोबर दुर्बीण किंचित सरकते. १०० मी. अंतरावर गोळी ३ सेंमी. हलण्यास दुर्बिणीचे एक टोक दुसऱ्याच्या सापेक्ष केसाच्या जाडीइतके सरकणेही पुरेसे होते. दुर्बीण उतरवून स्क्रूंचे आटे तेलविरहित करावेत आणि आघूर्णमापक पेचकसाने ते निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत आवळावेत. कड्यांचे स्क्रू सामान्यपणे सु. २ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात; अधिक आवळल्यास दुर्बिणीची पातळ नळी दबून तिच्यातील जुळणीची यंत्रणा अडते. स्क्रू व कडे यांवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली, तर काही गोळ्यांनंतर ते सरकले की नाही हे लगेच कळते.

दुर्बिणीत अंतर्गत दोषही असू शकतो. जुळणीची चकती एक टिचकी फिरविली, की बहुतेक शिकारी दुर्बिणींत नेम पाव मिनिटाने सरकतो. ही यंत्रणा बरोबर चालते की नाही, हे पाहण्यासाठी चौकोनाची कसोटी घेतात. नेमबिंदू न बदलता प्रथम एक समूह घ्यावा. नंतर चकती १६ टिचक्या उजवीकडे, मग १६ वर, मग १६ डावीकडे व शेवटी १६ खाली फिरवून प्रत्येक वेळी एक समूह घ्यावा. १६ टिचक्या म्हणजे ४ मिनिटे. म्हणून १०० मी. अंतरावर सु. ११.६ सेंमी. बाजूचा चौकोन मिळाला पाहिजे आणि अखेरचा समूह पहिल्यावर पडला पाहिजे. तसे न झाल्यास दुर्बीण सदोष समजावी. याहून सोपी व निर्णायक कसोटी म्हणजे दुसऱ्या रायफलीवर चांगली ठरलेली दुर्बीण या रायफलीवर बसवून पाहणे.

पराशय हे विखुरण्याचे आणखी एक कारण आहे. लक्ष्याची प्रतिमा व दुर्बिणीतील तारांचा छेद एका प्रतलात नसतील, तर डोळा किंचित सरकताच छेद लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो. रायफल आधारावर स्थिर ठेवून डोळा वरखाली व आजूबाजूला हलविला असता हा दोष दिसून येतो. गाल दस्त्यावर दर वेळी एकाच ठिकाणी टेकविल्यास तो बराच कमी होतो.

दस्ता व नळी यांचा सांधा : रिसीव्हर दस्त्यात बहुधा दोन किंवा तीन स्क्रूंनी धरलेला असतो व त्याच्या खालचा पोलादी उंचवटा धक्क्याचा भार दस्त्यावर टाकतो. रिसीव्हर खाचेत घट्ट व समपातळीत बसला नसेल, तर दर गोळीगणिक तो निराळ्या जागी स्थिरावतो. याचा परिणाम म्हणून पुष्कळदा एकाऐवजी दोन वेगवेगळे समूह मिळतात. प्रथम हे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या क्रमाने व आघूर्णाने आवळून पाहावेत. तेवढ्याने भागले नाही, तर रिसीव्हरखाली इपॉक्सी रेझिनाचा थर ओतून त्याला अंगाबरहुकूम बैठक करून देतात. हे काम अनुभवी कारागिराकडून करवून घेणे इष्ट असते.

आधुनिक रायफलींपैकी अनेकींत नळी दस्त्याच्या पुढील भागाला कोठेही स्पर्श न करता मोकळी ठेवलेली असते. गोळी सुटताना नळी कंप पावते. दस्त्याचा स्पर्श होत असेल, तर हा कंप दर वेळी सारखा राहत नाही. नळी व दस्ता यांमध्ये कागदाची पट्टी घालून ती रिसीव्हरपर्यंत सरकवावी. ती वाटेत अडली, तर तेथे स्पर्श होत आहे असे समजावे. ही कसोटी रायफल आधारावर ठेवलेली असतानाही घ्यावी, कारण लवचिक प्लॅस्टिकचा दस्ता हाताच्या वा पट्ट्याच्या ताणाने वाकून नळीला लागू शकतो. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता पावसाळी हवेत ओलावा शोषून फुगतो व वाकतो. कोरड्या ऋतूत उत्तम असलेली रायफल दमट हवेत बिघडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. मात्र काही निर्माते नळीच्या अग्रभागाखाली मुद्दाम दाब देणारा उंचवटा ठेवतात. म्हणून स्पर्श आढळताच दस्ता घासू नये. निर्मात्याची रचना कोणती आहे, हे प्रथम जाणून घ्यावे.

काडतूस व खाचांचा पीळ : एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन रायफलींनाही निरनिराळी काडतुसे मानवतात. गोळीचे वजन व आकार, दारूचा प्रकार आणि नळीचा कंप यांचा मेळ आधी सांगता येत नाही. तो प्रयोगानेच शोधावा लागतो. भिन्न वजनाच्या गोळ्यांची तीनचार प्रकारची काडतुसे घेऊन प्रत्येकाचे समूह घेणे, ही दोषशोधनातील सर्वांत फलदायी पायरी ठरते. पसंत पडलेले काडतूस शक्यतो एकाच उत्पादनगटातील घ्यावे.

नळीतील मळसूत्री खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवितात व हे परिवलन तिला घूर्णीप्रमाणे स्थैर्य देते. गोळी जितकी लांब, तितका अधिक वेगाने ती फिरावी लागते. वुलिच येथील गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले : १५० या संख्येला गोळीच्या लांबीने (ही लांबी व्यासाच्या पटीत मोजावयाची) भागले, की एका संपूर्ण फेऱ्यास लागणारे नळीचे अंतर व्यासाच्या पटीत मिळते. ६ मिमी. व्यासाची व १८ मिमी. लांबीची गोळी व्यासाच्या तिप्पट लांब आहे. १५० भागिले ३ म्हणजे ५०, म्हणून तिला ३० सेंमी.त एक फेरा पुरतो. तीच गोळी २४ मिमी. लांब केली, तर ती व्यासाच्या चौपट होते व तिला २२.५ सेंमी.त एक फेरा लागतो. हे सूत्र शिशाचा गाभा असलेल्या गोळ्यांसाठी स्थूलमानाने उपयोगी पडते. संपूर्ण तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असल्याने तिला अधिक तीव्र पीळ लागतो.

पिळाची निवड चुकल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. १९५५ साली तेथे ६ मिमी. गोळीची दोन नवी काडतुसे बाजारात आली : .२४३ विंचेस्टर व .२४४ रेमिंग्टन. पहिल्याच्या रायफलींना १० इंचांत एक फेरा, तर दुसऱ्याच्या रायफलींना १२ इंचांत एक फेरा असा पीळ दिला होता. लहान प्राण्यांसाठी वापरावयाच्या हलक्या गोळ्यांना १२ इंचांचा पीळ पुरेसा होता. परंतु हरणाच्या शिकारीसाठी ग्राहकांना हव्या असलेल्या १०० ग्रेन वजनाच्या लांब, टोकदार गोळ्या त्यातून नीट स्थिरावत नसत. परिणामी .२४३ विंचेस्टर लोकप्रिय झाले व .२४४ रेमिंग्टन मागे पडले. १९६३ साली तेच काडतूस ६ मिमी. रेमिंग्टन या नव्या नावाने व ९ इंचांच्या पिळासह पुन्हा बाजारात आणावे लागले. रायफल व काडतूस ही दोन्ही निर्दोष असूनही त्यांची जोडी सदोष असू शकते, असा याचा बोध आहे. गोळी अस्थिर असल्याची खूण फलकावर दिसते : छिद्र गोल न पडता लांबट, कुलपाच्या भोकासारखे पडते.

नळीची स्वच्छता व मुख : नव्या नळीच्या पृष्ठभागावर यंत्रकामाचे सूक्ष्म ओरखडे असतात व त्यांत गोळीवरील तांब्याचा अंश साचतो. तो फार साचल्यास समूह हळूहळू मोठा होत जातो. तांबे विरघळविणाऱ्या द्रावणात भिजविलेली चिंधी नळीतून फिरविली असता ती निळसर वा हिरवट झाली, तर तांबे शिल्लक आहे असे समजतात. सफाईची सळई शक्यतो मागील बाजूने घालावी. पुढून घातल्यास मुखाची कड घासली जाते. पहिल्या काही गोळ्यांपैकी प्रत्येकीनंतर नळी साफ करावी, असे काही निर्माते सुचवितात. या उपायाच्या उपयुक्ततेविषयी तज्ञांत मतभेद आहेत. स्वच्छ, तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बहुधा इतरांपासून वेगळी पडते. म्हणून सफाईनंतर नळी कोरडी करून दोनतीन गोळ्या झाडल्यावरच समूह मोजावयास घेतात.

गोळी नळीशी शेवटचा संबंध मुखाशी सोडते. तेथील कडेवर टवका असेल किंवा कड अक्षाशी काटकोनात नसेल, तर दारूचा वायू एका बाजूने आधी सुटून गोळीचा तळ कलंडवितो. भिंगाने पाहिल्यास टवका दिसतो. काही गोळ्यांनंतर मुखावर उमटणारी काजळीची चांदणी असमान असेल, तरीही संशय घ्यावा. मुख नव्याने कातून घेणे हे कुशल कारागिराचे, परंतु फार खर्चाचे नसलेले काम आहे.

उष्णता : शिकारी रायफल वाहून नेण्यास सोयीची व्हावी म्हणून तिची नळी सडपातळ ठेवतात. अशी नळी चारपाच गोळ्यांतच बरीच तापते व तिच्यात उत्पादनाच्या वेळचे ताण राहिले असतील, तर तापताना वाकते. त्यामुळे गोळ्या एकाच दिशेने क्रमाने सरकत जातात. समूह घेताना प्रत्येक गोळीनंतर थोडा वेळ थांबावे व समूहांदरम्यान नळी हाताला थंड लागेपर्यंत वाट पाहावी. शिकारीत बहुधा थंड नळीतून सुटलेली पहिली गोळीच निर्णायक असते. म्हणून वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून एकेक गोळी एकाच फलकावर झाडून मिळालेला समूह हा शिकारी रायफलीचा सर्वांत खरा कस होय.

नेमबाज व आधार : सर्व यांत्रिक तपासणीपूर्वी व नंतरही नेमबाजाचा विचार करावा लागतो. हलक्या रायफलीचा धक्का जोरकस असतो व त्याच्या भीतीने चाप ओढण्याच्या क्षणी खांदा आखडतो, डोळा मिटतो. हा दोष स्वतःला जाणवत नाही. तो उघड करण्यासाठी साहाय्यकाने नेमबाजाच्या नकळत अधूनमधून निर्जीव सरावकाडतूस भरावे. गोळी न सुटताही रायफल हलली, तर दोष हाताचा आहे हे सिद्ध होते. कानांचे संरक्षण, खांद्यावर गादी व कमी धक्क्याच्या काडतुसांचा सराव यांनी हा दोष कमी होतो.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर अशी ठेवावी, की दस्त्याचा पुढील भाग पिशवीवर टेकेल, नळी नव्हे. कठीण पृष्ठभागावर थेट टेकविलेली रायफल धक्क्याने उसळून गोळी वर फेकते. चाप फार जड असेल, तर तो ओढताना रायफल बाजूला सरकते. परंतु चाप हलका करण्याचे काम स्वतः करू नये, कारण त्यात चूक झाल्यास रायफल आपोआप सुटण्याचा धोका असतो. वाऱ्याचाही विचार हवा : ताशी १६ किमी. वेगाचा आडवा वारा १०० मी. अंतरावर सामान्य शिकारी गोळीला सु. २ सेंमी. ढकलतो. तपासणी शक्यतो शांत हवेत, सकाळी करावी. याउपर शंका राहिल्यास एखाद्या अनुभवी नेमबाजास तीच रायफल व तीच काडतुसे देऊन पाहणे हा उत्तम निवाडा होय.

समूहाच्या आकृतीवरून निदान : फलकावरील छिद्रांची मांडणी दोषाची दिशा दाखविते. दोन निराळे घट्ट समूह दिसल्यास दुर्बीण वा रिसीव्हर दोन स्थितींत स्थिरावत असल्याचा संशय घ्यावा. गोळ्या क्रमाने एका दिशेने सरकत असतील, तर नळी तापून वाकत आहे किंवा दस्त्याला लागत आहे. उभी रांग पडल्यास आधार, श्वास किंवा काडतुसांच्या वेगातील तफावत, तर आडवी रांग पडल्यास वारा वा चाप ओढण्याची पद्धत तपासावी. फक्त पहिली गोळी वेगळी पडत असेल, तर तेलकट नळी हे संभाव्य कारण असते. छिद्रे लांबट असतील, तर पीळ व गोळी यांची जोडी जुळत नाही. सर्व दिशांना सारखाच विखुरलेला मोठा समूह हा सर्वांत अवघड असतो. त्यावेळी काडतूस, दुर्बीण, बैठक व नेमबाज या क्रमाने एकेक घटक बदलत जावे लागते. ही चिन्हे सूचक आहेत, निर्णायक नव्हेत. निदान पक्के होण्यासाठी घटक बदलून फरक पडतो की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

प्रत्येक समूहाबरोबर तारीख, हवा, काडतुसाचा प्रकार, झाडलेल्या गोळ्यांची एकूण संख्या व केलेला बदल यांची नोंद ठेवावी. एका वेळी दोन बदल केले, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. स्वस्त व पूर्ववत करता येण्याजोगे उपाय आधी, खर्चिक व कायमचे उपाय नंतर, हा क्रम पाळावा. स्क्रू, दुर्बीण, काडतुसे, सफाई व नेमबाज या सर्वांची खात्री करूनही समूह मोठाच राहिला, तरच नळी वा रिसीव्हर सदोष समजावा आणि रायफल नोंदींसह निर्मात्याकडे पाठवावी. दस्ता घासणे, मुख कातणे यांसारखे फेरफार त्यापूर्वी केल्यास निर्मात्याची हमी संपुष्टात येण्याचा संभव असतो.

भारतातील स्थिती : भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हौशी शिकारीस मनाई आहे व रायफल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. मात्र वर वर्णन केलेली तत्त्वे लक्ष्यवेधाच्या क्रीडेलाही तितकीच लागू पडतात. तेथेही नेमबाज आपल्या नळीला मानवणारा काडतुसांचा उत्पादनगट कसून शोधतात, बैठकीचे स्क्रू मोजून आवळतात व प्रत्येक समूहाची नोंद ठेवतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल, तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात लक्ष्याच्या सर्वांत आतील, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी. असतो. इतक्या सूक्ष्म लक्ष्याचा वेध घेताना हत्याराचा दोष कोणता व हाताचा कोणता, हे निश्चितपणे ठाऊक असणे हीच यशाची पूर्वअट ठरते.